बोहल्याआधीची तीनशे पानं

‘आजच्या मुलांना लग्नाची भीती वाटते’ या वाक्याला ठाणे-डोंबिवली-कल्याण पट्ट्यातल्या व्याख्यानमालांमध्ये सध्या हमखास टाळी पडते. टाळी देणारे बहुतेक जण पस्तिशीला टेकलेल्या अविवाहित मुलांचे आईबाप असतात, हे वक्त्यालाही ठाऊक असतं. मग कारणांची उजळणी होते: करिअर, मोबाइल, पाश्चात्त्यांचं अनुकरण, मुलींच्या वाढलेल्या अपेक्षा. अलीकडे त्यात निळ्या ड्रमची भर पडली आहे. मार्च २०२५मध्ये मेरठला एका नवऱ्याचा खून झाला आणि त्याचा देह सिमेंट ओतलेल्या ड्रममध्ये सापडला; जूनमध्ये मेघालयात मधुचंद्राला गेलेल्या नवऱ्याच्या खुनाची बातमी गाजली. तेव्हापासून ‘लग्न नको रे बाबा’ छापाच्या विनोदांनी मोबाइल भरून वाहतायत. एरवी विनोदाच्या वाटेला न जाणारे वक्तेसुद्धा ड्रमवर एखादी कोटी करून घेतात.

इथवर तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या वाक्याबद्दल. ‘आमच्या पिढीला ही भीती माहीतच नव्हती. मराठी साहित्य चाळून बघा, कुठे सापडते का!’ हे म्हणणारा माणूस बहुधा मराठीचा निवृत्त प्राध्यापक असतो, म्हणून ते जास्त खुपतं.

मराठी मुलखातला सर्वांत प्रसिद्ध नवरदेव कोण? जांबचा नारायण सूर्याजीपंत ठोसर. वय बारा. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, भटजींचं ‘सावधान’ कानावर पडलं आणि पोरगं मांडवातून पसार. ते निघालं ते नाशिकजवळच्या टाकळीला पोचलं आणि पुढे त्याचे समर्थ रामदास झाले. ही हकिकत खरी की शिष्यांनी रंगवलेली, यावर संशोधकांनी खुशाल भांडावं. पण आपल्या लाडक्या संताची गोष्ट जो समाज भर मांडवातून पळून जाण्यापासून सुरू करतो, त्याला लग्नाची भीती ठाऊक नव्हती असं म्हणायला धाडस लागतं. शाळेत ही गोष्ट सांगताना मास्तर हसतात, पोरं हसतात. अंतरपाटापलीकडच्या मुलीचं पुढे काय झालं, हे विचारायची मात्र पद्धत नाही. या मुलीकडे पुन्हा यावं लागेल.

प्राध्यापकांना उत्तर द्यायला सभेत एक दुसरे गृहस्थ उठतात. ते अत्र्यांना पुढे करतात. ‘लग्नाची बेडी’ १९३६चं, ‘ब्रह्मचारी’ १९३८चा. अत्र्यांनी हे सगळं तेव्हाच लिहून ठेवलंय, असा त्यांचा दावा. या पट्ट्यात तो खपतोही चांगला, कारण कल्याणच्या नाट्यगृहाला अत्र्यांचं नाव आहे आणि मासुंदा तलावाकाठच्या ठाण्याच्या रंगायतनाला अत्र्यांचे गुरू राम गणेश गडकऱ्यांचं. लग्नावर विनोद करणाऱ्या गुरुशिष्यांच्या नावाच्या दोन इमारती, दोन्ही महापालिकांच्या मालकीच्या. दावा मात्र तपासून घ्यायला हवा.

‘ब्रह्मचारी’त मास्टर विनायक ब्रह्मचर्याचं व्याख्यान ऐकून भारावतात, नट्यांच्या तसबिरी काढून टाकतात, जोरबैठका काढायला लागतात. मग मीनाक्षी येते, पोहण्याच्या पोशाखात गाणं म्हणते आणि व्रताची वाट लागते. १९३८च्या प्रेक्षकाला केवढा धक्का आणि केवढी मौज! पण यात भीती कशाची आहे? बाईची. ती ओळख झाली की पळते. लग्न चांगलं की वाईट हा प्रश्न चित्रपट विचारतच नाही. अत्रे हसतात ते ब्रह्मचर्याच्या ठेकेदारांना. पु. ल. देशपांड्यांनी १९५७ साली ‘तुझे आहे तुजपाशी’मध्ये काकाजींना आचार्यांसमोर उभं केलं, तेव्हाही रोख तोच होता. ‘लग्नाची बेडी’त तर बेडी आधीच पडलेली आहे. नवरे रश्मी नावाच्या नटीकडे घसरतात, बायका पदर खोचतात आणि पडदा पडताना संसार शाबूत. ती कंटाळ्याची गोष्ट आहे, भीतीची नव्हे. गडकऱ्यांच्या बाळकरामाने ठकीच्या लग्नाचा जो घोळ घातलाय तो अफाट आहे, पण तिथे काळजी लग्न जमेल की नाही याची. जमू नये असं कुणाच्याच मनात नाही.

म्हणजे एक जण म्हणतो भीती नव्हतीच आणि दुसरा म्हणतो भरपूर होती. दोघांनाही जिचा पत्ता नाही ती लग्नाच्या भीतीवरची खरीखुरी विनोदी कादंबरी १५४६ साली फ्रान्समध्ये छापून झाली होती.

फ्रान्स्वा राब्ले हा आधी संन्यासी आणि मग वैद्य झालेला माणूस. त्याच्या ‘तिसऱ्या पुस्तका’चा नायक म्हणावा तर पाँताग्रुएल नावाचा सज्जन राक्षस, पण पुस्तक खाऊन टाकतो तो त्याचा मित्र पान्यूर्ज. आधीच्या भागात हा अट्टल लुच्चा होता. इथे त्याला जहागीर मिळते आणि तीन वर्षांचं उत्पन्न तो चौदा दिवसांत उडवतो. वर कर्जाची स्तुती करणारं लांबलचक भाषण ठोकतो: घेणेकरी असतील तरच माणसाच्या दीर्घायुष्यासाठी कुणी तरी मनापासून प्रार्थना करतं, असा त्याचा युक्तिवाद. पाँताग्रुएल त्याचं देणं फेडून टाकतो आणि कर्ज संपल्याबरोबर गड्याच्या डोक्यात लग्न शिरतं. एके सकाळी तो कानात सोन्याची बाळी, बाळीत पिसू आणि टोपीला चष्मा लटकावून हजर होतो आणि विचारतो, लग्न करू का?

कर, म्हणतो पाँताग्रुएल. पण बायकोने फसवलं तर? मग करू नकोस. पण एकटा राहिलो आणि आजारी पडलो तर कोण बघणार? मग कर. पण आजारपणात तीच पळाली तर? मग नको करू. हे पानभर चालतं. राक्षस कंटाळत नाही, पान्यूर्ज दमत नाही आणि वाचणाऱ्याच्या लक्षात येतं की याला उत्तर नकोच आहे, याला हमी हवी आहे.

मग सल्ल्यांची वारी सुरू होते. व्हर्जिलचं काव्य डोळे मिटून उघडायचं आणि बोट पडेल त्या ओळीतून भविष्य काढायचं. स्वप्नं पाडून घ्यायची. गावाबाहेरच्या म्हातारीला विचारायचं. मुक्याला विचारायचं, म्हणजे तो शब्दांत फसवणार नाही. मरणाला टेकलेल्या कवीला विचारायचं. हेर त्रिपा नावाच्या ज्योतिष्याला विचारायचं. हा तोंडावळा बघून, हात बघून, कुंडली मांडून एकच निकाल देतो की बायको फसवणार. या त्रिकालज्ञाच्या घरी त्याचीच बायको काय करते हे अख्ख्या दरबाराला माहीत असतं, फक्त त्याला नसतं. चर्चच्या घंटा आधी ‘कर, कर’ म्हणतात, जरा वेळाने त्याच घंटा ‘नको, नको’ म्हणतात. धर्मपंडित म्हणतो, देवाची इच्छा असेल तसं होईल. वैद्य म्हणतो, फसवणूक हा लग्नाचा स्वभावधर्मच आहे. तत्त्वज्ञाला विचारलं करू की नको, तर तो म्हणतो दोन्ही. खोदून विचारलं तर म्हणतो दोन्ही नाही. गंमत अशी की बहुतेकांचा कौल एकच असतो आणि पान्यूर्ज प्रत्येकाचा अर्थ उलटा लावतो.

ज्याने आयुष्यात एकदा तरी पत्रिका जुळवून आणली आहे, त्याला हा प्रकार परका वाटू नये. छत्तीसपैकी अठरा गुण जुळले की चालतं. सतरा जुळले आणि स्थळ चांगलं असलं की दुसरे गुरुजी निघतात. मंगळ असला तर सौम्य निघतो, एकनाड असली तर तिला अपवाद निघतो. मनात नसेल तर एकतीस गुणांतूनही खोट निघते. पान्यूर्जला डोंबिवलीत एक ज्योतिषी कमी पडला नसता.

या वारीत एक न्यायाधीश भेटतो आणि त्याच्यावर राब्लेचा जीव आहे हे पानोपानी कळतं. ब्रिद्वा त्याचं नाव. चाळीस वर्षं त्याने प्रत्येक खटल्याचा निकाल फासे टाकून दिला. कागदपत्रं मात्र नीट गोळा करायचा, बरीच साठली की बाजूला ठेवायचा आणि फासे टाकायचा. सगळे निकाल बरोबर आले. शेवटी एक चुकला आणि त्याचीच चौकशी लागली. त्याचं म्हणणं साधं: वय झालं, दृष्टी अधू झाली, फाशावरचे चार ठिपके पाच दिसले असतील. पद्धतीत खोट नाही, चष्म्यात आहे! पान्यूर्जच्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात कुठे असलंच तर ते या म्हाताऱ्याजवळ आहे. कागद हवे तेवढे जमवा. शेवटी फासा टाकावाच लागतो. पान्यूर्ज टाकत नाही. पुस्तक संपतं तेव्हा तो एका पवित्र बाटलीचा कौल घ्यायला गलबतात बसायच्या तयारीत असतो. प्रवासाची आणखी दोन पुस्तकं आली, त्यांतलं शेवटचं राब्लेच्या मरणानंतर, आणि तिथे बाटली एवढंच सांगते की पी.

‘तिसऱ्या पुस्तका’तली एक जागा सहज निसटून जाते. इकडे पान्यूर्ज गावभर विचारत हिंडतो आणि तिकडे खुद्द पाँताग्रुएलच्या लग्नाचा विषय निघतो. हा डोंगराएवढा नायक बापापुढे मान खाली घालतो आणि सांगतो, तुम्ही म्हणाल तसं. बाप खूश होऊन आईबापांच्या संमतीशिवाय लग्न करणाऱ्यांवर अख्खं प्रकरणभर आग पाखडतो. म्हणजे एकाच पुस्तकात दोन पुरुष आहेत. ज्याचं लग्न बाप ठरवणार आहे, त्याला भीती नाही. ज्याला स्वतः ठरवायचं आहे, त्याची तीनशे पानं भीतीने भरतात.

गोगोलने १८४२च्या ‘लग्न’ नाटकात हेच सूत्र एका दिवसात बसवलं. पदकल्योसिन नावाचा सरकारी नोकर वर्षानुवर्षं लग्नाच्या गोष्टी करतो, सोफ्यावरून उठत मात्र नाही. एक उपद्‌व्यापी मित्र त्याला ढकलत ढकलत बोहल्यापर्यंत आणतो, तर हा ऐन वेळी खिडकीतून उडी मारून भाड्याच्या गाडीने घरी पळतो. आणि तिकडची उपवर मुलगी? या उमेदवाराचे ओठ त्या उमेदवाराच्या नाकाखाली बसवता आले असते, तिसऱ्याचा मोकळेपणा घेता आला असता, तर निर्णय सोपा झाला असता, असा हिशेब ती करत बसते. लग्नाच्या अ‍ॅपवरचे फिल्टर तिने पावणेदोनशे वर्षांपूर्वी मनात वापरून पाहिले होते. इंग्रजीत वुडहाउसने याच भांडवलावर आख्खी कारकीर्द काढली. ज्या १९३८ साली आपल्याकडे ‘ब्रह्मचारी’ आला, त्याच साली त्याची ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ आली. सभ्य माणूस मुलीला नाही म्हणू शकत नाही, या एका शिष्टाचारापायी बर्टी वूस्टर मॅडलिन बॅसेटशी होऊ घातलेल्या लग्नातून सुटायला धडपडतो. मराठी मुलगा मुलीला बिनदिक्कत नाही म्हणतो. त्याची पंचाईत होते ती मामाला नाही म्हणताना.

पान्यूर्ज मराठीत का जन्मला नाही, याचं उत्तर पुन्हा रामदासांकडेच सापडतं. मांडवातून पळालेल्या या माणसाने लग्नावर लिहिलंय आणि ते ‘दासबोधा’च्या तिसऱ्या दशकात आहे. ‘स्वगुणपरीक्षा’ या नावाखाली ओळीने चार समास येतात. ‘दासबोध’ म्हणजे निव्वळ उपदेश अशी समजूत असलेल्यांनी ते एकदा गोष्ट म्हणून वाचावेत. एक पोरगं जन्मतं, लाडात वाढतं, त्याचं लग्न होतं. बायकोच्या नादात आईबाप दूर होतात. बायको जाते, दुसरी येते. पोरं होत नाहीत म्हणून नवस, मग इतकी होतात की खायला पुरत नाही. कर्ज होतं, सावकार दारात बसतो, गडी परमुलखात जातो, थोडे पैसे गाठीला बांधून परततो तोवर घर विस्कटलेलं. आणि एवढं होऊनही पैसा हातात खुळखुळायला लागला की म्हाताऱ्याला पुन्हा लग्नाची हौस! हे लिहिणाऱ्याचा हेतू वैराग्याचा असेल, पण हात पक्क्या विनोदी कादंबरीकाराचा आहे: संकटावर संकट रचत जायचं आणि नायकाला कणभरही शहाणपण येऊ द्यायचं नाही.

पण राब्ले आणि रामदास यांच्यात एक मोठा फरक आहे. पान्यूर्जची सगळी गोष्ट लग्नाआधीची. रामदासांची सगळी गोष्ट लग्नानंतरची. लग्न स्वतः दासबोधात एखाद्या ओळीत उरकतं, कारण ते होणारच असतं. मराठी विनोद तेव्हापासून आजवर त्याच बाजूला उभा आहे. आपण हसतो ते झाल्यावर. राजा ठाकुरांचा ‘मुंबईचा जावई’ १९७०चा. बासू चटर्जींनी दोन वर्षांनी त्याचाच ‘पिया का घर’ केला. नवंकोरं जोडपं आणि माणसांनी भरलेली खोली: सगळा विनोद एकांत न मिळण्याचा. ‘चल डोंबिवलीला जाऊ, तिथे निदान स्वयंपाकघर वेगळं मिळेल’ असं म्हणत गिरगाव-दादरची किती जोडपी सत्तरच्या दशकात मध्य रेल्वेला लागली! पुढे गाडीत लटकणं आलं, पण तेही लग्नानंतरचंच. आधीच्या काळात नायकाच्या हाती निर्णयच नव्हता, मग घाबरणार कशाला आणि किती वेळ? त्याला पळून जायला ‘सावधान’ची एक घटका मिळायची. रामदासांनी ती वापरली. बाकीच्यांनी वापरली नाही आणि नंतर विनोद केले.

‘आधी’चं मराठी लेखन अगदीच नाही असं नाही. भालचंद्र नेमाड्यांचा चांगदेव पाटील ‘बिढार’पासून ‘झूल’पर्यंत नोकऱ्या आणि गावं बदलत लग्नाचा प्रश्न सोबत घेऊन हिंडतो, पण नेमाड्यांना तिथे भांडायला इतकं काय काय मिळतं की लग्न मागे पडतं. तेंडुलकरांच्या सखाराम बाइंडरने १९७२ साली लग्नाला साफ नकार देऊन घरात बाई ठेवायचे स्वतःचे नियम केले, पण त्याला भित्रा म्हणायची कुणाची छाती आहे? सर्वांत जवळ गेले ते सतीश आळेकर. ‘बेगम बर्वे’ १९७९चं. जावडेकर आणि बावडेकर हे दोन सडेफटिंग कारकून, एक खोली, आणि ऑफिसातल्या नलावडेबाईंबद्दलचं मनातल्या मनातलं स्वप्न. त्यात शिरतो बर्वे. हा संगीत नाटकांतली किरकोळ स्त्रीपात्रं करणारा, आता उदबत्त्या विकणारा म्हातारा. तो नलावडेबाई होतो, लग्न होतं, डोहाळेसुद्धा लागतात. खऱ्या बाईशी एक वाक्य बोलायची हिंमत नसलेल्या माणसाने केलेलं इतकं थाटाचं लग्न मराठीत दुसरं नाही. ते नाटक आहे, कादंबरी नाही, आणि त्याच्या शेवटाला हसू येत नाही.

इथपर्यंतचा युक्तिवाद प्राध्यापकांच्या विरोधात चालला होता. आता तो वळवावा लागतो, कारण आत्तापर्यंत घाबरणारे म्हणून ज्यांची नावं आली ते सगळे पुरुष आहेत. घाबरलेला पुरुष विनोदी का वाटतो? त्याचं फारसं काही जाणार नसतं म्हणून. बर्टीला फार तर आळस सोडावा लागेल. पदकल्योसिनला सोफा. अंतरपाटाच्या दुसऱ्या बाजूला भीतीचा हिशेब वेगळा होता आणि त्याला कल्याणइतका जवळचा पुरावा शोधून सापडणार नाही. कल्याणच्या जोशी घराण्यातल्या यमुनेचं वयाच्या नवव्या वर्षी पोस्टात कारकून असलेल्या, तिच्याहून जवळपास वीस वर्षांनी मोठ्या गोपाळराव नावाच्या विधुराशी लग्न लागलं. मुलीला शिकवू दिलं पाहिजे ही गोपाळरावांची अट थोर होती आणि तिचं फळ म्हणजे १८८६ साली फिलाडेल्फियात एम.डी. झालेल्या आनंदीबाई जोशी. पण लहानपणी अभ्यासावरून खाल्लेल्या माराची आठवण त्यांनीच पुढे पत्रात नवऱ्याला करून दिली आहे. चौदाव्या वर्षी बाळ झालं, ते दहा दिवसांत गेलं. या मुलीला ‘लग्न करू का?’ असं सल्लागारांच्या दारोदार विचारत हिंडायची सोय नव्हती.

रखमाबाईंनी तो प्रश्न विचारला, पण लग्नानंतर आणि कोर्टात. अकराव्या वर्षी लागलेलं लग्न मान्य नाही, म्हणून त्यांनी दादाजी भिकाजीकडे नांदायला जायचं नाकारलं. १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाही तर सहा महिने तुरुंगात. तुरुंग बरा, असं त्यांचं उत्तर होतं. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांनी तेव्हा धर्म बुडाल्याची हाकाटी केली, टिळकांसह. १८८८मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, बाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. या प्रकरणात विनोदाला जागा होती ती फक्त कोर्टाच्या हुकमात.

तेव्हा ‘आजची पिढी घाबरते’ हे प्राध्यापकांचं निरीक्षण शेवटी मान्यच करायला हवं. खरंच काही तरी नवं घडतंय. पण त्याचं त्यांनी दिलेलं कारण उलटं आहे. जबाबदारी टाळायची म्हणून मुलं घाबरतात असं ते म्हणतात. मुलं, आणि त्यांच्याहून अधिक मुली, घाबरतात ते जबाबदारी पहिल्यांदाच त्यांच्या स्वतःच्या गळ्यात पडली म्हणून. पाँताग्रुएल घाबरला नाही कारण बाप ठरवणार होता. आपले आजोबा घाबरले नाहीत त्याचंही कारण तेच. आता निर्णय पान्यूर्जकडे आला आहे आणि त्याचं नाव बहुतेकदा बाईचं असतं.

वधूवर मंडळाच्या कुठल्याही मेळाव्यात हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. आईच्या मोबाइलमध्ये बायोडेटा: वर गणपती, मग रास, नाड, गोत्र, उंची, पगार, ‘स्वतःचे घर: वन बीएचके, डोंबिवली पूर्व’, आणि शेवटी ‘अपेक्षा: अनुरूप’. एकही उपयोगाची गोष्ट त्यात नसते. मुलीच्या डोक्यातला फॉर्म निराळा असतो. ऑफिस ऐरोलीला, म्हणजे ठाण्याला गाडी बदलणं आलं. सासर कल्याणच्या पुढे असेल तर पहाटे किती वाजता उठायचं, दोन डबे कोण भरणार, पावसात गाड्या बंद पडल्या तर घरी कोण काय म्हणणार, वन बीएचकेत सासू-सासरे हॉलमध्ये झोपणार की ही दोघं. बदलापूर-टिटवाळ्याचं स्थळ नको म्हणणाऱ्या मुलीला मंडळातल्या काकू ‘फारच अपेक्षा बाई’ म्हणतात. संध्याकाळच्या कसारा लोकलच्या लेडीज डब्यात एकदा ठाण्याला चढून पाहावं. मग ती अपेक्षा नसून गणित आहे हे काकूंनाही कळेल. मुलाची भीती वेगळी: घर नाही तर मुलगी नाही. म्हणून घोडबंदर रोडला सॅम्पल फ्लॅट बघायला गेलेला तेहतीस वर्षांचा इंजिनिअर दुपारी बुकिंगची रक्कम भरतो आणि वीस वर्षांच्या हप्त्यांवर सही करून संध्याकाळी आईला सांगतो की लग्नासारखा आयुष्यभराचा निर्णय घाईत घेता येत नाही. हा माणूस कमिटमेंटला घाबरतो असं म्हणणाऱ्याने त्याचं बँकेचं स्टेटमेंट बघावं.

कायद्यालाही विनोदबुद्धी आहे. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर तीस दिवसांची नोटीस लागते. पान्यूर्जसाठी सरकारने काढलेली ही मुदत. उत्तराखंडने जानेवारी २०२५पासून समान नागरी कायद्याखाली लग्नाशिवाय एकत्र राहण्याचीही नोंदणी सक्तीची केली आहे. लग्नाची जबाबदारी नको म्हणून वेगळी वाट काढणाऱ्यांना आता त्या वाटेचाही फॉर्म भरायचा आहे.

पडद्याने या बदलाची चाहूल साहित्याआधी घेतली. सतीश राजवाडेंच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई २’मध्ये (२०१५) लग्न ठरलेलं आहे, मुलगा चांगला आहे, दोन्ही घरं आनंदात आहेत आणि पाय मागे घेते ती मुक्ता बर्वेची गौरी. दुष्ट कुणीच नाही, हुंडा नाही, मारहाण नाही. नुसती धाकधूक, आणि लोक तिला हसत होते आणि तिच्या बाजूचेही होते. चित्रपट शेवटी गोड व्हायचा तसा होतो. अत्र्यांच्या मीनाक्षीपासून या गौरीपर्यंत यायला सत्त्याहत्तर वर्षं लागली, पण एक गोष्ट तिथे पक्की झाली: भारतीय मुलीच्या भीतीत विनोद करता येतो, कारण आता तिला परत फिरता येतं. फिरता येत नव्हतं तोवर ती म्हाताऱ्याशी लग्न ठरवलेली, संगीत नाटकातली ‘शारदा’च होऊ शकत होती.

पण कादंबरी अजून नाही. पत्रिका, अ‍ॅप, काकू, समुपदेशक, मैत्रिणी, घटस्फोटित मावसबहीण, वकील आणि यूट्यूबवरचा बाबा, असे पान्यूर्जच्या तोडीचे सल्लागार ठाणे ते कल्याण एका मासिक पासात भेटतात. शं. ना. नवरे आणि पु. भा. भावे ज्या डोंबिवलीत राहिले, १८९३पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय ज्या ठाण्यात आहे आणि १८६४पासूनचं वाचनालय ज्या कल्याणात, त्या पट्ट्यातून हे लेखन यायला हरकत कसली? आली तर ती कुठल्या तरी बाईने लिहावी. पुरुषांनी हा विषय चारशे वर्षं मांडवातून पळून जाऊन किंवा नंतर कुरकुर करून वापरला आहे. आणि नायिकेने लग्न केलं की नाही याचा निकाल शेवटच्या पानावर लावायची घाई करू नये. राब्लेनेही लावला नव्हता. अशी कादंबरी कुणाच्या कपाटात पडून असेल तर दिवाळी अंकांच्या संपादकांकडे धाडावी. पुढच्या अंकाच्या जुळवाजुळवीला उन्हाळ्यातच सुरुवात होते.